राजदूताची दुरुस्ती

मी हर्सूलला राहतो असं सांगितलं, की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, कधी सुटलात? आमच्या गावचा तुरुंग आमच्या तलावापेक्षा जास्त नावाजलेला आहे, त्याला मी काय करणार. वीज मंडळात अख्खी नोकरी काढली, कुणाच्या मीटरला कधी वाकडा हात लावला नाही, तरी हा प्रश्न काही चुकला नाही. म्हणून ज्यांची ओळख लोकांनी परस्पर ठरवून टाकलेली असते, अशा माणसांबद्दल मला पहिल्यापासून जिव्हाळा आहे. आमचे वहाब शेख हे त्यातले सगळ्यात मोठे.

वहाबभाई आता पंचाहत्तरीला आलेत. एका युद्धात सैनिक होते, पुढं परदेशातल्या भारतीय दूतावासांत नोकरी केली, आणि आजही रोज सकाळी टेकडी चढतात. यातलं एकेक वाक्य खरं आहे, आणि हर्सूलमध्ये यातलं एकही वाक्य कुणी नीट समजून घेतलेलं नाही.

घोटाळ्याचं मूळ भाषेत आहे. मराठीत राजदूत दोन, एक तो आणि एक ती. तो राजदूत परदेशात देशाच्या वतीनं बोलतो. ती राजदूत म्हणजे फटफटी. दूधवाले, ग्रामसेवक, मास्तर आणि पाटील यांनी एके काळी सारा मराठवाडा तिच्यावर बसून पालथा घातला. तो राजदूत आमच्याकडं कुणी बघितलेला नाही. ती मात्र अजूनही कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात कडब्याखाली सापडते. त्यामुळं वहाबभाई निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा त्यांच्या आधी त्यांची कीर्ती गावभर झालेली होती: बाहेरच्या देशात राजदूत दुरुस्त करायचे ते वहाबभाई परत आले. पहिल्याच आठवड्यात फुलंब्रीकडचा एक माणूस टेम्पोत गाडी घालून दारात हजर झाला.

वहाबभाईंनी फाटकात उभं राहून त्याला समजावलं, की तो राजदूत वेगळा आणि ती राजदूत वेगळी. शिवाय आपण मुळात राजदूत नव्हतोच, आपण त्यांच्या हाताखाली अटॅशे होतो. माणसानं मान डोलावली आणि जाता जाता चौकात सांगून गेला, की म्हातारा मेकॅनिक नाय, साहेबाची अटॅची धरायला होता. झालं, एकाच्या जागी दोन अफवा झाल्या. ही मेकॅनिकची अफवा मुळात कुणी उठवली, याचा छडा लावण्यात वहाबभाईंनी बराच काळ घालवला. त्यांचा संशय चौकातल्या बन्सी न्हाव्यावर होता. पुरावा काही नव्हता, पण तेव्हापासून ते केस कापायला सिटी बस धरून पार गारखेड्याला जात.

माणूस दुरुस्त्या फार करायचा. गाड्यांच्या नव्हे, माणसांच्या. कुणी चुकीची तारीख सांगितली की दुरुस्ती, देशाच्या राजधानीचं नाव चुकलं की दुरुस्ती. ‘वहाबभाई, तुम्ही लढाईत होतात ना?’ असं कौतुकानं विचारलं तरी दुरुस्ती.

त्या लढाईचं असं. एकाहत्तरच्या डिसेंबरात वहाबभाई विशीतले जवान होते, लष्कराच्या दुरुस्ती शाखेत. म्हणजे बंदूक होती, पण ती बाजूला टेकवून ठेवायची आणि ट्रकखाली उताणं झोपायचं. सगळी लढाई त्यांनी खालून बघितली. वर विमानं उडत होती म्हणे, त्यांना दिसत होता तो गिअरबॉक्स. एका रात्री जॅक घसरला आणि डाव्या पायाची दोन बोटं गेली. तेव्हापासून ते किंचित लंगडतात. हे लंगडणं बघून शाळेच्या हेडमास्तरांनी त्यांना पंधरा ऑगस्टला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं आणि पोरांना सांगितलं, की शत्रूच्या गोळीची खूण बघा. वहाबभाई माइकपाशी गेले, घसा साफ केला आणि म्हणाले, की शत्रूची गोळी नव्हती, जॅक आपलाच होता, आणि मी उभ्या लढाईत एकही गोळी झाडलेली नाही. पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. पुढच्या वर्षी शाळेनं एका नगरसेवकाला बोलावलं. तो कधी कुठल्या लढाईत नव्हता, पण बोलला जोरात.

लष्करातून सुटल्यावर माजी सैनिकांच्या कोट्यातून त्यांना दिल्लीत परराष्ट्र खात्यात कारकुनी मिळाली. तिथल्या साहेबानं कागद बघितला: नाव वहाब, भाषा उर्दू. म्हणजे अरबी आलीच, असं समजून त्यांना येमेनला पाठवलं. आता अरबीचं म्हणाल तर लहानपणी मशिदीत शिकल्यामुळं वहाबभाईंना ती वाचता येत होती, पण समजत काडीचीही नव्हती. तिथं त्यांच्या शेजारच्या टेबलाला केरळचा एक सहकारी होता. तो आखातात वाढलेला, त्याला अरबी बोललेली सगळी समजायची आणि अक्षर एक वाचता यायचं नाही. मग आलेला कागद वहाबभाई मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि तो ऐकून अर्थ सांगायचा. दोन अर्धवट मिळून एक पूर्ण माणूस उभा राहिला आणि दूतावासाचं काम इतकं सुरळीत चाललं, की साहेबानं दोघांचीही शिफारस केली. त्या शिफारशीवर वहाबभाई पुढं आणखी चार अरबी देशांत गेले. वय झाल्यावर ‘अटॅशे’ हा हुद्दा मिळाला. ती दूतावासाच्या शिडीची जवळजवळ सगळ्यात खालची पायरी, पण पायरी शिडीचीच. वहाबभाई तिला फार जपत.

चालण्याचा नाद येमेनचाच. जुम्म्याची सुट्टी, जवळ पैसा नाही, ओळखीचं माणूस नाही, आणि शहराच्या चारी बाजूंनी उघडे डोंगर. ते लंगडत लंगडत डोंगर चढू लागले. बायकोला फोन लावून सांगायचे, आज अमुक शिखर चढलो. बायको इकडून म्हणायची, छान केलंत.

ही बायको म्हणजे राहतभाभी. त्या इकडं हर्सूलला, घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि पदरात एक मुलगी, सुमय्या. सासूला अर्धांग झालं त्याच वर्षी वहाबभाईंची पहिली नेमणूक आली, म्हणून भाभींनी मागं राहायचं ठरलं. सासू वारली, पण ठरलेलं तसंच राहिलं. माणसं असतातच अशी, एकदा बसलेली घडी कुणी मोडत नाही. वर्ष-दीड वर्षानं वहाबभाई महिनाभर यायचे. पाहुण्यासारखे यायचे आणि पाहुण्यासारखे जायचे.

म्हणून ते कायमचे घरी आले तेव्हा खरी पंचाईत झाली. संसाराची पस्तीसएक वर्षं उलटलेली आणि दोघांना एकमेकांची सवय नाही. वहाबभाईंनी घरात दुरुस्त्या सुरू केल्या. कांदे टांगायची जागा चूक, गॅसची नळी चूक, सुमय्याशी फोनवर बोलायची वेळ चूक. राहतभाभी शांत बाई, पण त्यांची जीभ पातळ सुरीसारखी आहे, लागलेलं नंतर कळतं. त्या म्हणाल्या, तुम्ही रोज सकाळी तासभर कुठं तरी जात जा. मग ते तलावामागच्या टेकडीवर जाऊ लागले.

पुढं राहतभाभींना साखर निघाली. डॉक्टरनं चालायला सांगितलं, तेव्हा नाइलाजानं त्याही नवऱ्याबरोबर निघाल्या. आणि एक गोष्ट घडली, जी मला फार उशिरा समजली. समोरासमोर बसून ज्यांना दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती, ती माणसं शेजारी शेजारी चालताना बोलू लागली. तोंडाकडं बघावं लागत नाही, नजर वाटेवर असते, आणि बोलणं थांबलं तरी पावलांचा आवाज चालू राहतो. फार काही नाही, पाणी कधी येणार, सुमय्याचा नवरा कसा वागतो, एवढंच. पण रोज. दिवसभरात त्यांचा संसार असा तो तासभराचाच होता, बाकीचा वेळ ती दोन सभ्य माणसं एका छताखाली राहत.

हळूहळू आम्ही आणखी काही रिकामटेकडे त्यांच्या मागं चालू लागलो. मी, मराठीचे निवृत्त प्राध्यापक नानासाहेब, आणि आणखी चार-पाच जण. मंडळ झालं, सगळ्यांच्या टोप्या सारख्या झाल्या. माणसं जमली की अक्कल पातळ होते, तसं आमचंही झालं.

टेकडीवर जायला दोन वाटा. एक खडी केंद्राच्या बाजूनं, दगडधोंड्यांची आणि उभी. दुसरी कडुबाच्या शेताच्या बांधावरून, सोपी आणि मऊ मातीची. राहतभाभींचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यांना दुसरीच वाट चालायची. कडुबा हा चाळिशीतला शेतकरी, आई भागूबाई आणि तो असे शेतातच राहतात. त्यानं आम्हाला कधी अडवलं नव्हतं. पण हरभरा घाट्यावर आला तसा आमच्या मंडळाचा हात चालू झाला. जाताना दोन डहाळे, येताना दोन डहाळे. निवृत्तिवेतन घेणारी माणसं, पण फुकटचा हरभरा बघून हरखून जायची. कडुबानं बांधावर पाटी लावली:

या वाटनं जानारा गाडव हाय

यावर शहाण्या माणसानं काय करावं? गुपचूप खाली बघून जावं, हरभऱ्याला हात लावू नये. नानासाहेबांनी खिशातून लाल मार्कर काढला. आयुष्यभर पेपर तपासलेला हात तो. ‘वाटनं’चं ‘वाटेनं’ केलं, ‘जानारा’मधला न खोडून ण केला, ‘गाडव’चं ‘गाढव’ केलं, ‘हाय’च्या जागी ‘आहे’ लिहिलं आणि शेवटी पूर्णविरामही दिला. आणि मग त्याच वाटेनं टेकडीवर गेले.

दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीच्या काट्यांची छातीएवढी रास होती, आणि तिच्या पलीकडं नवा खणलेला चर.

मंडळ पेटलं. नानासाहेब म्हणाले, तहसीलदारांकडं अर्ज देऊ, ही वहिवाट आहे. दुसरा म्हणाला, पेपरात देऊ. खडी केंद्राची वाट होतीच, म्हणजे आमचं व्यायामाचं काही अडत नव्हतं. अडलं होतं फक्त अपमानाचं. खरं नुकसान झालं होतं ते एकट्या वहाबभाईंचं. राहतभाभी दोन दिवस खडीच्या वाटेनं आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे सुजले. चौथ्या दिवशी वहाबभाई एकटे आले आणि आमच्याबरोबर न चालता पुढं निघून गेले. मी त्यांना गाठलं आणि विचारलं, भाभी कशा आहेत? म्हणाले, ‘बऱ्या आहेत. घरात आहेत. मीही घरात असतो.’ एवढं बोलून ते लंगडत पुढं निघाले. त्यांचा तो तास गेला होता, हे मला तेव्हा कळलं.

त्याच संध्याकाळी ते माझ्याकडं आले. म्हणाले, अर्ज नको, पेपर नको, मी बोलणी करतो. कडुबाच्या शेतात वीज जोडणी मीच दिली होती, म्हणून मी बरोबर यावं. मी हो म्हणालो. मनात म्हटलं, चला, आपल्याला मुत्सद्देगिरी बघायला मिळेल.

बघायला मिळाली. वहाबभाई दूतावासातला निळा ब्लेझर घालून आले, हातात गुलमंडीहून आणलेला इमरतीचा पुडा. कडुबा बाजेवर बसला होता, तो उठला नाही. पुडा घेतला नाही. वहाबभाईंनी उभ्यानंच सुरुवात केली, की दोन्ही पक्षांच्या हिताचा तोडगा निघावा अशी आपली इच्छा आहे.

कडुबानं विचारलं, ‘कोन्च्या पक्षाचे तुमी?’

वहाबभाई म्हणाले, तसा पक्ष नव्हे, आपण राजनैतिक सेवेत होतो. कडुबा म्हणाला, की राजकारणवाले सगळे येऊन गेलेत, निवडणुकीच्या टायमाला या. मग वहाबभाईंनी त्याला राजकीय आणि राजनैतिक यातला फरक समजावायला घेतला. मी कपाळाला हात लावला. ज्या दुरुस्तीनं वाट बंद झाली, तीच दुरुस्ती घेऊन आम्ही ती उघडायला आलो होतो.

कडुबा म्हणाला, ‘तुमी शिकलेली मानसं. हरबरा खाल्ला, त्याचं मला काय नाय. उभ्या रानात चार डहाळं गेलं तर मी मरत नाय. पन माझ्या बोर्डावर लाल शाई मारली राव. माझी माय इचारती, काय लिवलं रे त्यांनी. मी तिला काय सांगू, तुजं पोरगं नापास झालं?’

मला वाटलं आता निघावं. जाता जाता काही तरी बोलावं म्हणून मी म्हणालो, कडुबा, हे मोठे माणूस आहेत बाबा, परदेशात राजदूताकडं होते.

आत चुलीपाशी भागूबाई होती. वय ऐंशीच्या पुढचं, ती भिंत धरत बाहेर आली आणि डोळ्यांवर हात घेऊन ब्लेझरकडं बघत म्हणाली, ‘राजदूतवाले का? बाहीरच्या देशात राजदूत नीट करायचे, ते तुमीच व्हय?’

मी वहाबभाईंकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडलं होतं. तो वेगळा आणि ती वेगळी, हे वाक्य ओठांवर आलेलं मला दिसत होतं. इतकी वर्षं एकदाही न चुकलेलं वाक्य. त्यांचे एक राजदूत साहेब त्यांना म्हणत असत, की समोरच्याची चूक दाखवायची नसते, त्या चुकीवर आपली खुर्ची टाकून बसायचं असतं. ही गोष्ट वहाबभाईंनी आम्हाला अनेकदा ऐकवली होती, पण स्वतः कधी बसलेले नव्हते.

त्यांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, ‘व्हय आई. राजदूतवालाच मी.’

भागूबाईनं आम्हाला गोठ्यात नेलं. कडब्याच्या पेंढ्यांमागं गाडी उभी होती. तिच्या नवऱ्याची. तो वारल्यापासून बंद, इंजिन जाम. कडुबानं दोन-तीन मेकॅनिकांना दाखवली, ते म्हणाले, सामान मिळत नाय, भंगारात घाला. भंगारवाल्याला म्हातारी गोठ्याच्या दारातून आत येऊ देईना. तिला एकदा गाडीचा आवाज ऐकायचा होता, बस.

वहाबभाई गाडीपाशी वाकले. टाकीवरून हात फिरवला, किकवर हात ठेवून दाबून बघितली. मग ब्लेझर काढला, घडी करून माझ्या हातात दिला, खाली पोतं अंथरलं आणि उताणे झोपले. लढाईनंतर इतक्या वर्षांनी ते पुन्हा गाडीखाली गेले होते. खालून फक्त एवढंच म्हणाले, की बारा-तेराचा पाना आहे का घरात.

मुत्सद्द्याला लागला नसता इतका वेळ मेकॅनिकला लागला. प्लग काढून सिलिंडरात रॉकेल सोडलं आणि दोन दिवस मुरू दिलं. कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धुतला, पॉइंट घासले. रिंगांसाठी आम्ही दोघं शहरातल्या जुन्या पार्टच्या दुकानांतून हिंडलो. जो तो दुकानदार त्यांना चाचा म्हणून हाक मारून वर सल्ला द्यायचा आणि वहाबभाई एकालाही दुरुस्त न करता ऐकून घ्यायचे. मला त्यांची काळजीच वाटू लागली.

ते रोज सकाळी गोठ्यात. राहतभाभी रिक्षानं डबा घेऊन यायच्या आणि भागूबाईजवळ बसायच्या. दोघी गाडीखालून बाहेर आलेल्या त्या पायांकडं बघत बोलत राहायच्या. भागूबाईनं विचारलं, तुमचे मालक लई वर्सं बाहीर व्हते म्हनं. भाभी म्हणाल्या, हो, कामच तसं होतं. भागूबाई म्हणाली, मेकॅनिकचं असतंच तसं, माझ्या बहिणीचा नातूबी दुबईत हाये, बायको इथंच. भाभी हसल्या आणि डब्याचं झाकण लावू लागल्या.

गाडी चालू झाली त्या सकाळी सगळं मंडळ जमलं होतं. किक मारली कडुबानं. पहिल्या पंधरा-वीस किकांना काही नाही. मग एक खोकला, मग धुराचा निळा लोट, आणि गाडी फटफटायला लागली. म्हशी दावं तोडायला निघाल्या. भागूबाई कानावर हात न ठेवता उभी होती. गाडी बंद झाल्यावर म्हणाली, ‘आवाज त्योच हाय. मालक कायी लई चांगले नव्हते बाबा, पन गाडी चांगली व्हती.’

कडुबानं कोयता घेतला आणि काटे ओढायला लागला. चर आम्ही सगळ्यांनी मिळून बुजवला. कडुबानं अट एकच घातली, त्या मास्तरानं बोर्डाला हात लावायचा नाय. आता तिथं नवी पाटी आहे:

ही वाट राजदुतवाल्याची हाय बाकीच्यानी नीट जावं

नानासाहेब रोज तिथून जाताना मान दुसरीकडं वळवतात. ‘राजदूत’चा दू ऱ्हस्व काढलाय, त्यांना ते सहन होत नाही. मार्कर घरी ठेवून येतात.

वाट उघडली त्या दिवसापासून राहतभाभी परत यायला लागल्या. गुडघ्यांना पट्टे बांधून, हातात काठी घेऊन, सावकाश. पहिल्याच दिवशी वहाबभाई फुशारले होते. मी त्यांच्या चार पावलं मागं होतो, आणि टेकडीवर सकाळी आवाज लांब जातो. दोघं आपसात दखनीत बोलतात, मी मराठीत सांगतो. ते म्हणत होते, की बघ, मुत्सद्देगिरी म्हणजे काय ते. बन्सीनं उठवलेली ती अफवा, पण मी कशी वापरली. बन्सीला कळलं तर चाटच पडेल.

राहतभाभी म्हणाल्या, ‘बन्सीनं नाही उठवली. मी उठवली.’

वहाबभाई थांबले. भाभी थांबल्या नाहीत, काठी टेकत चालत राहिल्या, म्हणून त्यांनाही चालावं लागलं.

त्या पुढं बघतच सांगत होत्या. सुरुवातीला विचारणाऱ्याला त्या खरं सांगायच्या, की मालक दूतावासात आहेत, राजदूताकडं. त्यावर शेजारणी लगेच म्हणायच्या, मग तुम्हाला का नेलं नाही? साहेबलोक तर बायकोला नेतात. अम्मी, म्हणजे सासूबाई, होत्या तोवर सांगायला कारण होतं. ‘अम्मी गेल्या. तुम्ही म्हणालात, पुढच्या नेमणुकीला बघू. मग त्याच्या पुढच्या. मग एकीनं विचारलं, राजदूत म्हणजे ती गाडी ना, मेकॅनिक आहेत का? मी म्हटलं, हो. राजदूताच्या बायकोला लोक विचारतात, तुला का नेलं नाही. मेकॅनिकच्या बायकोला कुणी विचारत नाही.’

खालच्या शेतात कुणी तरी मोटार सुरू केली. वहाबभाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील, की मी राजदूत नव्हतोच, अटॅशे होतो. सवय जबर असते. त्यांनी ‘मी’ म्हटलं आणि पुढचा शब्द गिळला. मला त्या वेळी त्यांचा राग आला, खरं सांगतो. आणि त्याच वेळी त्यांच्यासाठी जीवही तुटला. दोन्ही एकदमच.

दोघं माथ्यावर पोचली. वर दगडावर बसली, पाणी प्यायली. उतरायला लागल्यावर मात्र वहाबभाईंनी एक प्रश्न विचारला. माझ्या समजुतीप्रमाणं संसारात पहिल्यांदाच.

‘अम्मीला रात्री कूस बदलायला लागायची, तेव्हा तिला कोण उचलायचं?’

उतार होता, भाभी काठी पुढं टाकून जपून पाय ठेवत होत्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली.

वहाबभाई आता केस बन्सीकडंच कापतात. चौकात कुणी राजदूतवाले म्हणून हाक मारली की थांबतात, आठवड्यातून एखादी फटफटी बघूनही देतात. पण सकाळी नाही. सकाळी भाभी त्यांना सांगत असतात, सासूचं, सुमय्याच्या तापाचं, पत्रे उडाले त्या पावसाळ्याचं. ते विचारतात आणि ऐकतात, आणि तारीख चुकली तरी दुरुस्त करत नाहीत. तेवढ्या वर्षांचं सांगायचं तर वेळ लागणारच. मी हल्ली मुद्दाम मागं राहतो.